टाक्याचा कल

ग्युमरीत, मालगाड्यांच्या यार्डामागच्या तळघरात
उस्ता सेरोबची रापी अजून खिळ्याला टांगलेली आहे.
कुणी मागितली तर मी देते.
दोन मिनिटांत परत येते ती.
धार भलत्या अंगाला, मूठ भलत्या अंगाला झिजलेली,
चामड्यात शिरते
आणि हट्टी खेचरासारखी कडेला ओढत नेते.
माझ्याही हातात ती कधी सरळ चालली नाही.
तो डावरा. मी उजवी,
म्हणजे हातानं. कामात तोच उजवा.

आमच्या बोलीत एखादं काम जमलं म्हणायचं
तर त्या शब्दाच्या पोटात उजवा हात असतो,
आणि फसलं म्हणायचं तर डावा.
उस्ता म्हणायचा,
दुकानाची कडी काढतो
तिथूनच माझं व्याकरणाशी भांडण सुरू.

शाळेत बाईंनी त्याची डावी मूठ बाकाला बांधली होती.
नहापेत चांभारानं नाही बांधली.
त्यानं पोराला शेजारून उठवून समोर बसवलं, म्हणाला,
मी आता आरसा. बघ, आणि कर.

चाळीस वर्षांनी माझ्यासाठी
तेच स्टूल तसंच समोर आलं.
गुडघ्याला गुडघा, मध्ये फर्म्यावर चढवलेला बूट,
त्याची आरी तिकडून, माझी इकडून,
मेणाचा दोरा ओढताना चारही हात एकदम पसरायचे,
आणि जागा एवढीशी
की माझी बोटं खिळ्यांच्या डब्यांवर आपटायची,
त्याची भिंतीवर. भिंतीला तिथे खड्डा आहे.

खिडकीतून रस्त्यावरचे पाय तेवढे दिसायचे.
हा बेकरीवाला. ही त्याची सासू, टाच घासत चालते.
तो बघ, अडीच वर्षांपासून पैसे बुडवलेला.

कात्रीशी मात्र त्याचं शेवटपर्यंत पटलं नाही.
अंगठ्याच्या मुळाशी कायमचा निळा वळ.
आणि शिवणयंत्राचं चाक उजव्या बाजूला,
त्याला तो दर सोमवारी
नव्यानं शिव्या द्यायचा.

गेल्या जानेवारीत, बाहेर उणे सव्वीस,
हेरिकनाझ आली. वर्तमानपत्रात गुंडाळलेले पुरुषाचे बूट.
रशियाहून बूट परत आले होते.
बाकी काही मी विचारलं नाही.

तळवा उचकटला. धूळ, डांबराचे कण,
आणि खाली टाके,
सगळे डावीकडे कललेले,
वाऱ्यात उभ्या गव्हासारखे.
या गावात टाका असा झुकवणारा एकच हात होता.
मी उठून चहा ठेवला.
चहा उकळून उकळून काळा झाला.

जुना दोरा मुळापासून उसवायचा,
अर्धं जुनं अर्धं नवं कधी ठेवायचं नाही,
हे त्यानंच माझ्या डोक्यात हातोडीनं ठोकलेलं.
एक बूट मी तसाच पूर्ण उसवला.
दुसऱ्याची बाहेरची बाजू शाबूत होती.
सतरा टाके. दोनदा मोजले.
ते राहू दिले.

तिथून पुढे माझे, उजवीकडे झुकलेले.
जिथे अठरावा टाका सतराव्याला पाठ करून उभा राहतो
तिथे एक बारीक फट उरते,
पाणी शिरायला पुरेल एवढी.
तीनदा मेण भरलं. चौथ्यांदा बोटानं.

हेरिकनाझला म्हटलं, इथे लक्ष ठेवा,
ओल आली तर घेऊन या, पैसे नाही घेणार.
तिनं बूट खिडकीच्या उजेडात धरले,
उलटे, सुलटे.
"दोन्ही सारखेच दिसतात ना?
थोरला घालणार आहे आता."
दिसतात, म्हटलं.

दोन हजार द्राम सांगितले.
तिनं दीड दिले.
जिना चढताना टाच घासत नव्हती ती,
एवढं मी खिडकीतून पाहिलं.